विमलच्या फोटोसाठी उचगावला

मीरा आणि कबीर,

कोल्हापूरहून परत आले. "आजी, फोटो कसे आले?" असं दोघांनीही फोनवर विचारलंत. त्याचं उत्तर मला एका वाक्यात देता येईना, म्हणून बसून लिहिते आहे. नाशिक ते कोल्हापूर हा भाग मी गाळते. बसमध्ये शेजारचे गृहस्थ माझ्या खांद्याला उशी समजत होते, एवढंच त्यात सांगण्यासारखं.

माझ्या मैत्रिणीला, विमलला, तुम्ही पाहिलेलं नाही. बी.एड.ला असताना पुण्याच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. मी इंग्रजी शाळेतून आलेली, टूथपेस्टसुद्धा खालून वर गुंडाळत आणणारी. ती कोल्हापूरला लागून असलेल्या उचगावची, खणखणीत आवाजाची, माझी टूथपेस्ट मधूनच दाबणारी. पुढे मी नाशिकला भूगोल शिकवला. ती गावच्या शाळेत मराठी शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. मागच्या महिन्यात तिचा फोन आला.

"शैला, तुझ्या नातीनं कॅमेरा दिलाय म्हणत हुतीस न्हवं? तो घेऊन ये. माझा फोटो काढायचाय. भिंतीवरचा."

भिंतीवरचा फोटो म्हणजे काय, हे तुम्हाला हॅलिफॅक्समध्ये बसून कळणार नाही. आपल्याकडे माणूस गेल्यावर त्याची एक तसबीर बाहेरच्या खोलीत लागते आणि पुढच्या दोन पिढ्या ती तिथेच असते. पण ती आधी कुणी काढून ठेवत नाही. मग ऐन दुःखाच्या दिवशी नातेवाईक कपाटं धुंडाळतात, आणि शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणतात. विमलच्या यजमानांची तसबीर त्यांच्या ऑफिसच्या ओळखपत्रावरून केलेली आहे. त्यांच्या डाव्या खांद्यावर अर्धा गोल शिक्का उमटलेला आहे.

"माझा तसला नको," ती म्हणाली. "गुरुवारी दवाखान्यात भरती व्हायचंय. हृदयाची झडप बदलणार हाईत. डॉक्टरांनी मिलिंदला केबिनमधी घेऊन सांगितलं, वयामुळं धोका हाय म्हणून. दार उघडं हुतं. मी ऐकलं. त्याच्या आधी फोटो झाला पायजे."

मी पिशवी भरली.

सोमवार, उचगाव

रिक्षावाला "बसा पावणं" म्हणाला आणि मी पाहुणी आहे हे त्याला कसं कळलं याचा विचार करेपर्यंत उचगाव आलं. नावाला गाव, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी घरं, वर्कशॉपं, मोबाइलची दुकानं, आणि मध्येच एका दुकानामागे उसाचा हिरवागार तुकडा, जणू कुणीतरी तो उचलून न्यायला विसरलं आहे.

दार विमलच्या सुनेने उघडलं. तिचं नाव सुजाता, विमलच्या मिलिंदची बायको; सासूला ती आत्या म्हणते. "या मावशी, बसा, चहा ठेवतो," ती म्हणाली. इथल्या बायका 'ठेवतो', 'जातो', 'आलो' असंच बोलतात. पहिल्या दिवशी मला प्रत्येक वेळी वाटायचं की आतून कुणी पुरुष येतो आहे.

बाहेरच्या खोलीत बुद्धाची पांढरी मूर्ती, तिच्यापुढे ताजी फुलं, आणि समोरच्या भिंतीवर शिक्क्यासह यजमान. विमल खुर्चीत बसली होती. ती फार बारीक झाली आहे. तिची मान सतत हलते, होकार दिल्यासारखी, बारीक बारीक. दोन वर्षांपासून आहे म्हणाली. मी घरात आले, चपला काढल्या, पाणी प्याले, तोवर ती माझ्या सगळ्याच गोष्टींना होकार देत होती.

जेवायला सुजाताने तांबडा आणि पांढरा असे दोन रस्से केले होते. पांढरा मला आवडला. तांबड्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. त्यावरून सासू-सुनेचं जोरदार भांडण झालं.

"पावण्यांना एवढं तिखट वाढत्यात व्हय ग?"

"तुमीच म्हणालासा न्हवं, शैला माझ्यासारखीच हाय म्हणून!"

"माझ्यासारखी हाय म्हणजे माझ्या जिभंची हाय व्हय?"

"मग आधी सांगायचं की!"

आमच्या नाशकात एवढ्या आवाजात बोललं तर शेजारी मध्यस्थीला येतात. मी घास हातात धरून बसले. दुसऱ्या मिनिटाला सुजाता विमलच्या ताटातल्या कोंबडीची हाडं काढून देत होती आणि विमल निमूट खात होती. हे भांडण होतं की नव्हतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

दुपारी फोटोला बसलो. पहिला फोटो काढला. कॅमेऱ्याचा फ्लॅश चमकला. विमलचे डोळे मिटलेले. दुसरा काढला, डोळे मिटलेले. दहाव्याला तिने हात केला.

"राहू दे. जन्मभर असंच हाय. माझ्या लग्नातबी सगळ्या फोटोंत मी झोपलोय."

तिने खरोखर अल्बम दाखवला. लग्न, मिलिंदचं बारसं, निवृत्तीचा सत्कार. सगळीकडे विमल डोळे मिटून उभी. या बाईचा उघड्या डोळ्यांचा एकही चांगला फोटो जगात नाही. ओळखपत्रावर आहे, पण त्यात ती चोरी पकडल्यासारखी बघते आहे. मोतीबिंदू काढल्यापासून तर तिला झगझगीत दिवाही सोसत नाही, लगेच पाणी येतं.

"मग अंगणात बसू या," मी म्हणाले. "सावलीत छान उजेड आहे."

"येडी का खुळी? मी आळीत सांगितलंय, चार दिस नेसरीला भणीकडं चाललोय म्हणून. अंगणात फोटो काढाय बसलो की सगळी आळी गोळा हुईल. का काढायलाय, कशाला काढायलाय. मग आप्रेशनचं कळंल. मग रडारड."

म्हणून दार बंद. खिडकी शेजारणीच्या स्वयंपाकघरासमोर, तीही बंद. वरची तावदानं आणि एक बल्ब, एवढ्या उजेडात मला फोटो काढायचा होता. फ्लॅश नाही. आणि मान हलत असल्यामुळे कॅमेऱ्याची आतली खिडकी, म्हणजे शटर, जास्त वेळ उघडी ठेवता येत नव्हती; ठेवली की चेहऱ्याचं धिरडं व्हायचं.

मीरा, तुला मी मेसेज केला. तू आकडे पाठवलेस: भिंगाचं तोंड दोन पॉइंट आठ, वेळ सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग, आणि आयएसओ, म्हणजे आहे तो उजेड वाढवून दाखवायचा आकडा, बत्तीसशे. मी तंतोतंत तसंच लावलं. फोटो आला. डोळे उघडे, चेहरा जागेवर. पण सगळ्या चेहऱ्यावर रवा पेरलेला.

विमलने चष्मा लावून बघितलं. "मला कांजण्या कवा आल्या ग?"

तुझं उत्तर आलं, 'आजी, तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर अंगठ्याच्या नखाएवढा आहे. मोठा सेन्सर असता तर जास्त प्रकाश मिळाला असता.' सेन्सर म्हणजे आतली ती फिल्मच्या जागी असलेली चकती, हे मला ठाऊक होतं. मी ठरवलं, उद्या मोठा सेन्सर शोधायचा.

आतून भांडी आपटल्याचा आवाज आला. आधी मला वाटलं तेही इथल्या रीतीप्रमाणेच असेल.

मंगळवार, गुऱ्हाळ आणि स्टुडिओ

सकाळी सुजाताने मला स्कूटरवर मागे बसवलं. आधी तिने मिसळ खायला थांबवलं. नाशिकला मिसळीबरोबर पाव येतो, पापड येतो, दही येतं. इथे स्लाइस ब्रेड येतो, आणि मी दही मागितल्यावर वाढणाऱ्याने माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं.

पुढे कागलच्या बाजूला एका गुऱ्हाळावर ती गूळ घ्यायला थांबली. प्रचंड कढईत उसाचा रस उकळत होता आणि वाफेत माणसं अर्धीच दिसत होती. तुमच्यासाठी फोटो घ्यावा म्हणून मी कॅमेरा पुढे धरला. भिंगावर वाफ बसली आणि सगळे फोटो दुधात बुडाल्यासारखे आले. मी पदराने भिंग पुसत होते, तेव्हा सुजाता माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"मावशी, एक इचारू? तुमी हे कशाला करायलाय?"

"काय?"

"त्यो फोटो. आत्या चांगल्या धडधाकट परत येणार हाईत. आधीच भिंतीवरचा फोटो काढून ठेवायचा म्हणजे काय? मी एवढं पथ्याचं करून घालतोय, गोळ्या टायमावर देतोय, ते कशाला मग?"

मी भिंग पुसत राहिले. "तिची इच्छा आहे ग," मी म्हणाले.

"इच्छा तर त्यांची रोज नवी असत्या. कालपतोर पुरणपोळीची हुती. मी मदत करणार न्हाय, आधीच सांगतो. तुमाला स्टुडिओत सोडतो, तेवढंच." आणि गुळाची ढेप तिने स्कूटरच्या पायाशी अशी आदळली की स्कूटर हलली.

तेव्हा मला आदल्या दिवशीच्या भांड्यांचा अर्थ लागला.

स्टुडिओ रफिकचा. तो विमलचा विद्यार्थी. उचगावात चाळिशीच्या आसपासचे जे कोणी दिसतील ते विमलचे विद्यार्थीच असतात. विमलने बजावलं होतं, की फोटो कशाचा ते त्याला सांगायचं नाही, आणि घरी तर आणायचंच नाही. "त्यानं काढला की दुकानाच्या काचंत लावणार," असं तिचं म्हणणं. मी सांगितलं, मला अंधाऱ्या खोलीत फोटो काढायचे आहेत, मोठ्या सेन्सरचा कॅमेरा एक दिवस हवा.

"बाईंच्या पावण्यांना न्हाय म्हणतोय व्हय?" रफिकने काळा, विटेएवढा कॅमेरा काढला. "फुल फ्रेम हाय, आज्जी. सेन्सर बघा, पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढा. अंधारात मुंगी दिसत्या, मुंगी! लई उजेड खातंय ह्ये."

मला पुरावा लागतो. मी म्हटलं, दोन्ही कॅमेऱ्यांना तेच आकडे लावू आणि एकाच भिंतीचा फोटो काढू. काढला. मागच्या पडद्यांवर बघितलं. त्याचा फोटो खरंच लख्ख, माझा मलूल.

"बघा! मोठा सेन्सर, जास्त उजेड."

पटलं. मीराही तेच म्हणाली होती. मग त्याने गल्ल्याखालून आणखी एक कॅमेरा काढला, त्याच्या वडिलांचा, जुना. त्याचा सेन्सर माझ्यापेक्षा मोठा, त्याच्यापेक्षा लहान. म्हणजे फोटो मधला यायला हवा. तो तर तिघांत वाईट आला, रवा नव्हे, चक्क भगर!

"ह्यो सीसीडी," रफिक म्हणाला. "जुन्या जातीचा. दिवसा रंग असले देतोय की नाद खुळा, पण अंधारात मेला. तुमचा बारका हाय पण नव्या जातीचा. त्याच्या वायरी पाठीमागं असत्यात, उजेडाच्या वाटंत येत न्हाईत."

म्हणजे नुसता आकार नाही, जातही बघायची. लहान पण नवा, हा मोठ्या पण जुन्याला हरवतो. ठीक. मी मनात दोन खाने केले आणि काळा कॅमेरा गळ्यात घालून निघाले. मान दुखली.

संध्याकाळी विमलचे दोन फोटो काढले, एक माझ्या कॅमेऱ्याने, एक रफिकच्या. आकडे तेच. मिलिंद कामावरून आला होता. त्याच्या लॅपटॉपवर दोन्ही शेजारी शेजारी लावले.

दोन्ही सारखेच उजळ!

मी चष्मा पुसला. रफिकचा फोटो स्वच्छ होता, रवा जवळजवळ नव्हता, पण उजेड काडीचाही जास्त नव्हता. मग स्टुडिओत काय बघितलं होतं? मिलिंदने रफिकच्या कॅमेऱ्याचा मागचा पडदा बघितला आणि हसला. लग्नात उन्हात दिसावा म्हणून त्याने पडद्याचाच उजेड पूर्ण वाढवून ठेवला होता. आम्ही दोघं पडदा बघत होतो आणि सेन्सरला शाबासकी देत होतो.

मीरा, मग तुझा मेसेज आला: 'हो आजी, एक्स्पोजर तेच राहतं. सेन्सरच्या आकाराने ते बदलत नाही. पण एकूण प्रकाश जास्त मिळतो.' मी तो पाच-सहा वेळा वाचला. प्रकाश जास्त आणि एक्स्पोजर तेच. तू माझी थट्टा करते आहेस असं मला वाटलं.

चहा पिताना मात्र थोडं उजाडलं. आमच्या शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक होतं. मुलं दर वर्षी विचारायची, बाई, भांडं मोठं ठेवलं तर पाऊस जास्त पडल्याचं दिसेल का? नाही. भांडं लहान असो की परात असो, पाण्याची उंची तेवढीच भरते. एक्स्पोजर म्हणजे ती उंची. परातीत पाणी एकूण जास्त साठतं, पण उंची तीच. मी हे विमलला सांगितलं.

"मग परात घेऊन उपेग काय?"

"पाणी जास्त साठतं. पाणी जास्त असलं की फोटोत रवा कमी."

"पाणी जास्त हाय, मग फोटो उजळ का न्हाय?"

"कारण उंची तेवढीच."

विमलने माझ्याकडे बघितलं. मान होकार देत होती, पण चेहरा देत नव्हता. "शैला, तू पोरांना भूगोल असाच शिकीवलास?"

बुधवार

हा शेवटचा दिवस. सकाळी कालचा स्वच्छ फोटो मोठा करून बघितला. विमलचा उजवा डोळा अगदी स्पष्ट, पापणीचा केस मोजावा असा. डावा डोळा मात्र धुक्यात. कान तर दुसऱ्याच गावाला. मोठ्या सेन्सरवर चेहरा तेवढाच मोठा यायचा तर भिंग लांबचं लागतं, आणि मग स्पष्ट भागाचा पापुद्रा अगदी पातळ होतो. त्यात विमलची मान पुढेमागे होणार. पन्नास फोटो काढले. एकात नाक स्पष्ट, एकात कपाळ, एकात तिच्यामागच्या कपाटाची कडी.

तू लिहिलंस, 'भिंगाचं तोंड बारीक कर, आठवर ने.' नेलं; आकडा मोठा तितकं तोंड लहान. दोन्ही डोळे, नाक, कान सगळं स्पष्ट झालं. पण फोटो काळोखा. म्हणून आयएसओ वाढवत नेला, आठपट, पंचवीस हजार सहाशे. उजेड बरोबर आला.

आणि चेहऱ्यावर रवा. तोच. माझ्या लहान कॅमेऱ्यावर सोमवारी आला होता तेवढाच.

मी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. कुठला कशाचा, मला सांगता येईना. विटेएवढा कॅमेरा गळ्यात अडकवून, दोन दिवस मान मोडून, मी सोमवारी जिथे होते तिथेच आले होते. भांडं मोठं घेतलं आणि वरून झाकण तेवढंच लोटलं, असं काहीतरी झालं असावं. नक्की काय ते अजूनही मला नीट सांगता येत नाही. मीरा, तू फोनवर समजावलंस तेव्हा मी "हो, हो" म्हणाले, ते तुला वाईट वाटू नये म्हणून.

दुपारी रफिक स्वतःच दारात आला. कागलला हळदीचा कार्यक्रम होता, त्याला कॅमेरा हवा होता. सुजाताने दार बोटभर उघडून कॅमेरा बाहेर दिला. "बाई बऱ्या हाईत न्हवं?" असं तो विचारत असतानाच दार लागलं.

मोठा सेन्सर गेला. विमल खुर्चीत बसली होती, आबोली रंगाची साडी नेसून, केस विंचरून. सकाळपासून बसून ती दमली होती.

"न्हाय जमत तर न्हाय," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच हळू होता. "आधार कार्डावरचा लावू द्या."

मला काय वाटलं ते लिहीत नाही. मी फक्त विचारलं, "विमल, मान जरा वेळ स्थिर नाही का ठेवता येणार? अगदी सेकंदाचा आठवा भाग. तेवढी थांबली तर आयएसओ दोनशेवर आणता येईल. मग लहान कॅमेऱ्यावरही रवा येणार नाही."

"माझ्या हातात असतं तर थांबीवलं नसतं व्हय?"

खुर्चीची पाठ बुटकी होती. उशी लावली, ती सरकली. भिंतीला टेकवून बसवलं, तर तिला दम लागला. मी कॅमेरा धरून उभी, ती खुर्चीत.

सुजाता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने हात पदराला पुसले, आली, खुर्चीमागे पाटावर बसली आणि दोन्ही हात वर करून विमलचं डोकं मागून कानांपाशी धरलं.

"मी धरतो. काढा, मावशी."

"तू मदत करणार न्हवतीस न्हवं?" विमल म्हणाली.

"गप बसा. बोलला की हलतंय."

"हात थंड हाईत तुझे."

"भांडी घासत हुतो. गप बसा म्हटलं न्हवं!"

मान थांबली. खरंच थांबली. इतक्या दिवसांत मी विमलचा चेहरा पहिल्यांदा न हलता बघत होते. वसतिगृहातली मुलगी एकदम समोर आली. पण सेकंदाच्या आठव्या भागात हातातला कॅमेराही हलतो. म्हणून पिठाचा डबा, त्यावर साखरेचा डबा, त्यावर दोन जाड पुस्तकं, आणि त्यावर कॅमेरा ठेवला. भिंगाचं तोंड तेच दोन पॉइंट आठ. वेळ एक अष्टमांश. आयएसओ दोनशे. पाच फोटो काढले. तीनमध्ये डोळे मिटलेले, एकात ती सुजाताला काहीतरी बोलत होती. एक मिळाला.

लॅपटॉपवर मोठा केला. रवा नाही. दोन्ही डोळे उघडे. अंगठ्याच्या नखाएवढ्या सेन्सरवर. मग गेले दोन दिवस मी मोठ्याच्या मागे का हिंडले? बहुतेक उत्तर असं, की उजेड थोडा आणि वेळही थोडा असेल तेव्हाच आकाराचा फरक पडतो. वेळ पुरेसा मिळाला की लहानालाही पुरतं. हे बरोबर आहे का ते कळव. चुकलं असेल तर सौम्य शब्दांत कळव.

गुरुवार ते शनिवार, कोल्हापूर

गुरुवारी सकाळी विमल नेसरीला जाते असं आळीत सांगून रिक्षात बसली. समोरच्या काकूंनी तिच्या बहिणीसाठी भडंगाची पिशवी दिली. ती पिशवी दवाखान्यात माझ्या मांडीवर होती. शुक्रवारी तिला आत नेलं. मिलिंद बाकड्यावर बसून होता, सुजाता उभीच होती. मी तिला बस म्हणाले तर तिने ऐकलंही नाही. आम्ही तिघांनी मिळून त्या भणीचं सगळं भडंग खाल्लं, एकमेकांकडे न बघता. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, झडप नीट बसली आहे, पण पुढचा एक दिवस बघावा लागेल.

तो दिवस काढायला काहीतरी हवं होतं, म्हणून मी आणि सुजाता फोटो छापायला रफिककडे गेलो. आता त्याच्यापासून काय लपवायचं? त्याने मोठ्या पडद्यावर फोटो उघडला. मग म्हणाला, "कशावर काढला? त्या बारक्यावर? शक्यच न्हाय." आणि मग जवळ जाऊन, "ही बोटं कुणाची?"

मी तेव्हा प्रथम बघितलं. विमलच्या दोन्ही कानांमागून, पांढऱ्या केसांतून, सुजाताच्या बोटांची टोकं आली होती. डाव्या बाजूला तीन, उजव्या बाजूला चार. आम्ही डोळे आणि रवा बघत बसलो होतो, बोटं कुणीच बघितली नव्हती.

"काढून टाकतो, दोन मिंटाचं काम हाय."

"काढाच," सुजाता घाईघाईने म्हणाली. "आत्यांच्या फोटोत माझी बोटं कशाला? लोक काय म्हणतील, भूत हाय का काय पाठीमागं."

त्याने काढली. इतक्या सफाईने काढली, की केसांवर केस आले. मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हणाले, मूळचाही एक छाप.

शनिवारी विमलला साध्या खोलीत आणलं. नाकात नळी, हातात सुई, आवाज अगदी खोल गेलेला, पण परिचारिकेला ती उशी कशी ठेवायची ते शिकवत होती. सुजाताने पेज भरवली. मग पिशवीतून बोटं नसलेला फोटो काढून तिच्यापुढे धरला.

विमलने चष्मा मागितला. फोटो जवळ नेला, लांब नेला. मान पुन्हा हलत होती.

"चांगला आलाय," मी म्हणाले. "डोळे उघडे आहेत बघ."

तिने बोटाने स्वतःच्या कानाजवळची रिकामी जागा चाचपली.

"हिला कुणी धरलंय?" ती म्हणाली. "पडंल की ही."

सुजाताने तिच्या हातातून तो फोटो काढून घेतला, पिशवीत तळाशी उलटा ठेवला, आणि दुसरा काढून दिला.